कमावलेले अंग, गमावलेले अंगण

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजारी’. संपादकांनी प्रत्येकाला एक शेजारी देश आणि तिथली रोजच्या जगण्यातली एक गोष्ट वाटून दिली. माझ्या वाट्याला चीन आला आणि तिथला एक शब्द आला : थीयू. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर हाच शब्द, स्टेडियमच्या फाटकावर हाच, शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.च्या तासापुढे हाच आणि ऑलिम्पिकचा संघ तयार करणाऱ्या सरकारी खात्याच्या पाटीवरही हाच. संपादकांनी बजावले होते, शब्दाचा कीस पाडत बसू नका. हा शब्द ज्या कामासाठी आहे ते काम आपल्याकडे कोण करते, कुठे करते, ते बघून या.

म्हणून मी गिरगावात गेले. ठाकूरद्वार नाक्यावर उभे राहिले की पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत शरीराची काळजी वाहणाऱ्या सगळ्या जुन्या-नव्या जागा लागतात. मराठी शाळा, चाळीचे अंगण, वाडीतली व्यायामशाळा, रेल्वे रुळांपलीकडचे जिमखाने, समुद्राकाठचे योगकेंद्र आणि काचेमागे ट्रेडमिलची रांग मांडलेली वातानुकूलित जिम.

नाक्याच्या आतले जग

दिवाळीच्या तोंडावर जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कंदील, उटणे, रांगोळीच्या चाळण्या, किल्ल्यावर ठेवायचे मावळे. 2025 च्या ऑक्टोबरात मेट्रो-3 चे गिरगाव स्थानक सुरू झाल्यापासून जमिनीखालूनही माणसे वर येऊ लागली आहेत. या गर्दीतून कोणत्याही बाजूच्या कमानीत शिरले की आवाज एकदम उतरतो. झावबाची वाडी, फणसवाडी, मुगभाट, थोडे पुढे खोताची वाडी आणि 1893 मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती जिथे बसला ती केशवजी नाईकांची चाळ. लाकडी जिने, लांबलचक गॅलऱ्या आणि मधे अंगण.

अंगणाची लांबी-रुंदी सांगण्याची गरज नाही. गिरगावात अंगण मोजतात ते त्यात बसणाऱ्या खेळांवरून. एका चाळीच्या ओट्यावर सत्तरी ओलांडलेले एक काका भेटले. क्रिकेटचा विषय काढला तसे उभे राहून हातानेच बॅट धरून दाखवू लागले. “आमच्याकडे सरळ बॅटनंच खेळावं लागायचं. आडवा फटका मारलात की बॉल कुणाच्या तरी घरात, आणि घरात गेला की आउट. वर गॅलरीत गेला तरी आउट. टप्पा पडून एका हातात झेल घेतला तरी आउट. मग माणूस जमिनीलगत खेळायला शिकणारच की!” अंडरआर्म क्रिकेट, लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, खांब-खांब-खांबोळी हे सगळे याच फरशीवर झाले. लंगडीने घोटा आणि पोटरी तयार होते, लगोरीने नेम आणि पळती नजर. खांबोळीत एका क्षणात दिशा बदलायची सवय लागते, आणि कबड्डीच्या चढाईला लागणारी सवय नेमकी हीच. हे कुणी ‘शिकवत’ नव्हते. शिक्षक नाही, फी नाही, वेळापत्रक नाही. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत पोरे घराबाहेर असत आणि शरीर आपोआप घडत असे.

जुन्या अंगणाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. वाड्या बऱ्याचदा जातीजातींनी वसलेल्या. कुणाच्या अंगणात कुणी खेळायचे, हे न बोलता ठरलेले असे. मुलींना तर परकर जाऊन साडी आली की अंगण बंद. काकांच्या शेजारी बसलेल्या काकू एवढेच म्हणाल्या, “मी सातवीपर्यंत सगळ्या पोरांना लंगडीत बाद करायची. आठवीत आईनं वर बोलावलं, ते वरच राहिले.” ज्या अंगणाचा निम्म्या माणसांना निम्माच उपयोग झाला, त्याचे कौतुक तेवढ्याच मापाने करावे.

आता त्या अंगणात दुचाक्या उभ्या आहेत. मोजायची तसदी घेतली नाही, कारण फरशीच दिसत नव्हती.

अंग आणि संगोपन

शब्दाकडे थोडे वळते, कारण त्याशिवाय पुढचे नीट सांगता येणार नाही. ‘थी’ म्हणजे शरीर. ‘यू’ म्हणजे वाढवणे, पोसणे. मूल वाढवण्यासाठी चिनी भाषेत हेच अक्षर लागते आणि शिक्षणासाठीच्या शब्दातही हेच असते. बुद्धीचे पोषण, नीतीचे पोषण आणि शरीराचे पोषण अशी ही जोडशब्दांची तिकडी आहे. एकोणिसाव्या शतकात जपानी शिक्षकांनी युरोपातली शिक्षणाची पुस्तके वाचली, त्यात हर्बर्ट स्पेन्सरही होता. बुद्धी, नीती आणि शरीर ही त्याची त्रयी त्यांनी आपल्या अक्षरांत बसवली आणि तिथून हा शब्द चीनमध्ये आला. तोच स्पेन्सर पुण्यात आगरकरांच्या पिढीने डोळ्यांत तेल घालून वाचला होता.

1917 च्या एप्रिलमध्ये ‘नवयुवक’ नावाच्या चिनी मासिकात या विषयावर एक लेख आला. लेखकाने नाव न देता, आपल्या नावाची अक्षरे जितक्या रेघांनी लिहिली जातात ती संख्या टोपणनाव म्हणून वापरली होती. लेखक होता तेवीस वर्षांचा माओ त्से तुंग. शरीर हे ज्ञान आणि सदाचार वाहून नेणारे वाहन आहे, शाळा मुलांना विषयांच्या ओझ्याने चिरडतात आणि व्यायामशिक्षकाला कुणी मान देत नाही, अशी त्याची तक्रार होती. लेखाच्या शेवटी त्याने स्वतः बसवलेला व्यायामाचा क्रमही दिला होता. राजकारणी माओचे पुढचे सारे बाजूला ठेवून हा लेख वाचला, तर तो केसरीच्या काळातल्या एखाद्या मराठी मासिकात सहज छापला गेला असता. ‘आशियाचा आजारी माणूस’ हा शिक्का चिनी तरुणांना झोंबत होता, आणि ‘शरीराने दुबळा हिंदू’ हा साहेबाचा शेरा इथल्या तरुणांना. 1910 मध्ये शांघायमध्ये हुओ युआनजिया या नामवंत मल्लाच्या नावाभोवती चिंगवू ही संस्था उभी राहिली. पुढे तिने आपल्या नावात थीयू हा शब्द घेतला आणि शहरातल्या कारकून-व्यापाऱ्यांना मुष्टियुद्ध शिकवले. 1914 मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांची नावेही ऐकली नसतील, पण दोघांचा राग एकाच गोष्टीवर होता.

खांबावर एरंडेल

वाडीच्या टोकाला तळमजल्यावर एक व्यायामशाळा आहे. तिचे नाव छापू नका, असे वस्तादांनी सांगितले, कारण इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि जागेचे अजून ठरायचे आहे. आत गेल्यावर समोर मारुती, त्याच्या पायाशी मुद्गलांच्या जोड्या, भिंतीला सिंगलबार-डबलबार, एका कोपऱ्यात पूर्वी लाल मातीचा हौदा होता तिथे आता रबराची चटई. आणि मधोमध सागवानी मल्लखांब. पुरलेला खांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट असतो, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत जातो; मग मान, आणि मानेवर बोंड. दारातच एरंडेलाचा वास येतो. खांबाला एरंडेल चोळलेले असते, नाहीतर उघड्या मांड्यांची साल निघेल.

सातेक वर्षांचा एक मुलगा अढी शिकत होता. वस्तादांनी आधी त्याला खांबाला बिलगायला लावले. खांब छातीशी, दोन्ही हातांची पकड पक्की. मग पाय उचलून डोक्यावरून मागे फेकायचे आणि वर दोन्ही मांड्यांत खांब आवळायचा, म्हणजे शरीर उलटे, डोके खाली. पहिल्या खेपेस पाय अर्ध्यातूनच खाली आले. दुसऱ्या खेपेस एकच मांडी लागली. वस्ताद ओरडत नव्हते. पोराच्या कमरेखाली तळहात धरून होते, टेकवत मात्र नव्हते. तिसऱ्यांदा दोन्ही मांड्या बसल्या. “आता मांडी आवळ. आवळलीस? मग हात सोड.” पोराने डोळे मिटले. “डोळे उघड. डोळे मिटून पडशील. बघ माझ्याकडे, आणि सोड.” हात सुटले. उलटा लटकलेला तो मुलगा क्षणभर घाबरला आणि मग सगळ्या व्यायामशाळेला ऐकू जाईल असा हसला. वस्तादांचा हात तेव्हाही बोटभर अंतरावर होता.

“ताई, फी किती ते विचारू नका, हजेरी किती ते विचारा,” वस्ताद नंतर म्हणाले. फी नावापुरती आहे, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागतही नाहीत. येणारे कोण? आसपासच्या इमारतींतली शाळकरी पोरे, दुकानांत कामाला असलेली कोकणातली मुले, पोलीस भरतीची तयारी करणारे आणि दहीहंडीच्या आधी दोन महिने वरच्या थराचे गोविंदा. मल्लखांब, दंड-बैठका आणि थर लावणे यांत वस्तादांना फार फरक वाटत नाही. “खालच्या थराला मान आणि खांदा लागतो, वरच्याला पकड आणि धीर. दोन्ही इथंच मिळतं.” दहीहंडीला राज्य सरकारने 2022 मध्ये साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, बक्षिसे लाखांत गेली. वस्तादांची खंत वेगळी आहे : पोरे गोकुळाष्टमीपुरती येतात आणि नंतर गायब होतात.

मल्लखांबाची मूळ कथा प्रत्येक वस्ताद सांगतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले, त्यांच्याशी लढायला कुणी पुढे होईना, तेव्हा तरुण बाळंभट्टदादा देवधरांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन तप केले आणि वानरांच्या हालचाली पाहून खांबावरचा व्यायाम बसवला. कथेचा अंश बाजूला केला तरी एवढे नक्की की, खांब हा मल्लाचा न थकणारा जोडीदार म्हणून घडला आणि देवधरांच्या शिष्यपरंपरेने तो मराठी मुलखात आणि बाहेर नेला. दादरला शिवाजी पार्कवर 1925 मध्ये पु. ल. काळे गुरुजींनी श्री समर्थ व्यायाम मंदिर स्थापन केले. तिथे उदय देशपांडे यांनी खांबाच्या जोडीला दोरीचा मल्लखांब हजारो मुला-मुलींच्या हातात दिला; दृष्टिहीन मुलीही दोरीवर चढल्या. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली आणि 2024 मध्ये देशपांड्यांना पद्मश्री मिळाली. मुलींना आठवीत वर बोलावणाऱ्या जगात दोरी ही मोठी गोष्ट होती. पायाच्या अंगठ्यात दोरी पकडून मुलगी एकदा वर गेली की तिला खाली बोलावणे सोपे नसते. या वाडीच्या व्यायामशाळेतही आता संध्याकाळचा पहिला तास मुलींचा आहे. छताच्या लोखंडी तुळईला बांधलेली दोरी त्यांच्यासाठीच आली.

रुळांपलीकडचे हिरवे

ठाकूरद्वारहून पश्चिमेला निघाले की चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सचा पूल ओलांडून आपण समुद्रावर येतो. रूळ आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात जिमखान्यांची मैदाने आहेत. पारशी, इस्लाम आणि 1894 चा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने धर्मवार जमीन वाटली आणि धर्मवार संघ उभे राहिले. पळवणकर बाळू या थोर गोलंदाजाला हिंदू जिमखान्याने संघात घेतले, पण चर्मकार असल्याने हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले आणि त्यांनी संघाला विजेतेपद मिळवून दिले. धर्मावर उभी असलेली पंचरंगी क्रिकेट स्पर्धा 1945-46 च्या हंगामानंतर बंद पडली. मैदाने आहेत, हिरवीगार आहेत, आणि वाडीतल्या पोराला त्यांच्याकडे बघायला रस्त्याकडेची जाळी आहे.

याच किनाऱ्यावर चर्नी रोडच्या अंगाला कैवल्यधामची मुंबई शाखा आहे. मराठी शाळांच्या इतिहासातले एक मोठे पान याच नावाशी जोडलेले आहे. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली ते अंग कमावून निघाले, 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगाचे शरीरावर काय परिणाम होतात ते उपकरणे लावून मोजले. 1937 मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा शाळांत शारीरिक शिक्षण कसे असावे हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले. पाठोपाठ 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षकांची प्रशिक्षण संस्था उघडली. तिथून बाहेर पडलेले मास्तर शाळाशाळांत गेले. एरवी शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात शिट्टी आणि फुटबॉल सांभाळणाऱ्या माणसाला त्या संस्थेने प्रशिक्षण दिले, अभ्यासक्रम दिला आणि प्रतिष्ठा दिली. बडोद्याला त्याच काळात द. चिं. मुजुमदार ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध करत होते. 1936 ते 1949 या वर्षांत त्याचे दहा खंड मराठीत निघाले. कुस्तीचे डाव, लाठी, जंबिया, मल्लखांब, आसने, देशी खेळ, सगळे चित्रांसह. शरीराच्या विद्येसाठी एवढा खटाटोप करणारी ही भाषा आहे, हे मराठी मुलांना कुणी सांगत नाही.

पी.टी.चा तास

गिरगावातल्या मराठी शाळांचा पट उतरला आहे. वाड्यांतली कुटुंबे बोरिवली-डोंबिवली-वसईला गेली आणि उरलेल्यांनी इंग्रजी माध्यम धरले. ज्या शाळांत मी डोकावले तिथे पी.टी.चा तास बहुधा गच्चीवर किंवा दोन इमारतींमधल्या बोळात होतो. एका सरांनी मला त्यांचे सगळे साहित्य एका लोखंडी कपाटात दाखवले : लेझीम, रिंगा, डंबेल्स, दोन हॉकी स्टिक, दोरखंड. “पावसाळ्यात गच्ची बंद. परीक्षेच्या आधी गणिताच्या बाई तास मागून घेतात. मी देतो. त्यांचा निकाल दिसतो, माझा दिसत नाही.”

त्यांचा निकाल दिसावा म्हणून काही व्यवस्था आहेच. शालेय स्पर्धांत पुढच्या पातळ्यांवर खेळलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीत 25 पर्यंत सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. सरांच्या वर्गातल्या एका मुलीला ते मिळाले. सरांना तिचा अभिमान आहे. त्यांना काळजी आहे ती त्याच वर्गातल्या इतरांची, ज्यांना दोन जिने चढले की धाप लागते. “त्यांचं मूल्यमापन मी ‘श्रेणी’त भरतो. कुणी ती वाचत नाही.”

चीनमध्ये मात्र गाडी वेगळ्या रुळावर जाते. तिथे नववीनंतर वरच्या शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी जी परीक्षा असते, तिच्या गुणांत शारीरिक चाचणीचे गुण धरतात. मुलगे हजार मीटर धावतात, मुली आठशे. जोडीला दोरीवरच्या उड्या, सिंगलबार, चेंडूफेक असे काही ना काही. खेळाडू असो वा नसो, प्रत्येकाला धावावे लागते. शाळेत सकाळच्या दोन तासांनंतर सगळी शाळा पटांगणात येऊन लाउडस्पीकरवरच्या संगीतावर कवायत करते. ही प्रथा 1951 मध्ये जपानच्या नमुन्यावर सुरू झाली. कवायतीचे संच बदलत गेले, कवायत टिकली. 2025 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या शिक्षण आराखड्यात शाळकरी मुलांसाठी रोज दोन तासांच्या शारीरिक हालचालीचे उद्दिष्ट आहे. मुलांचे डोळे बिघडत आहेत आणि वजने वाढत आहेत, ही तिथल्या सरकारची धास्ती त्यामागे आहे.

यातले सगळे उचलण्यासारखे नाही. चिनी पालक आता दोरीवरच्या उड्यांचीही शिकवणी लावतात. पदकांसाठी सहा-सात वर्षांची मुले क्रीडाशाळांत टाकली जातात आणि त्यांतली बहुतेक वाटेत गळतात, शिक्षणालाही मुकतात. शरीराचे पोषण सरकारी हुकमाने करायचे ठरवले की शरीर सरकारचे होते. तो धाक मला गिरगावातल्या मुलांसाठी नको आहे. पण प्रत्येक मुलाने धावले पाहिजे, न धावणाऱ्याची जबाबदारी शाळेवर आहे, हे त्यांनी गृहीत धरले आहे, आणि आपण फक्त जिंकणाऱ्याची नोंद ठेवतो. मंत्रालयात आपल्या खात्याचे नाव ‘शालेय शिक्षण व क्रीडा विभाग’ असे आहे. त्या दोन गोष्टी एका पाटीवर आल्या. शाळेच्या गच्चीवर अजून आलेल्या नाहीत.

बर्लिन आणि बीजिंग

1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक जर्मनीला गेले. मल्लखांब, हुतूतू, लेझीम, आसने अशी प्रात्यक्षिके त्यांनी तिथे करून दाखवली. त्याच उन्हाळ्यात चीननेही आपल्या पारंपरिक युद्धकलेचे पथक बर्लिनला पाठवले होते. पदके युरोपच्या खेळांना होती. आशियातून आलेल्या या दोन्ही पथकांच्या वाट्याला टाळ्या आल्या.

चोपन्न वर्षांनी हिशेब थोडा बदलला. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा पदकांच्या यादीत आलेल्या खेळांत हे दोन होते : चीनचा वुशू आणि आपली कबड्डी. भारताला त्या साऱ्या स्पर्धेत एकच सुवर्ण मिळाले, ते कबड्डीचे. ज्या खेळाचे नियम महाराष्ट्रातल्या जिमखान्यांत आणि शारीरिक शिक्षण मंडळात घासून-पुसून तयार झाले, जो लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी पाळी संपल्यावर मातीत खेळला आणि जो बुवा साळवींनी बाडबिस्तरा घेऊन देशभर फिरून रुजवला, त्याला बीजिंगच्या मैदानात राष्ट्रगीत मिळाले. मल्लखांब 2020 च्या अखेरीस ‘खेलो इंडिया’त आला.

याचा आनंद आहेच. पण एक गोष्ट वस्ताद बोलून गेले ती मनातून जात नाही. कबड्डी मातीतून मॅटवर गेली, त्यावर बूट लागतात, मॅट महाग, ती अंथरायला हॉल लागतो. मल्लखांबाच्या स्पर्धेत गुण आले, वेळ आली, ठरावीक संच आले. “खेळ मोठा झाला, ताई. पण मोठा होताना तो वाडीतून निघून गेला. आता पोरगं टीव्हीवर कबड्डी बघतं आणि खाली येऊन दम धरून दाखव म्हटलं तर दहा सेकंदांत सोडतं.” वुशूचेही असेच झाले आहे. स्पर्धेतले वुशू हवेत कोलांट्या घेते, आणि पहाटे बागेत संथ हालचाली करणारे म्हातारे चिनी वेगळ्याच दुनियेत असतात. फरक इतकाच की त्या म्हाताऱ्यांसाठी तिथे बाग आहे, व्यायामाची साधी उपकरणे आहेत, आणि त्यांचे ते करणेही थीयूच मानले जाते.

मोकळ्या जागेचे गणित

गिरगावातल्या बहुतेक इमारती उपकरप्राप्त आहेत आणि एकेक करून पाडल्या जात आहेत. चाळीत राहून ज्यांनी जन्मभर संडासाची रांग लावली त्यांना स्वतःचे न्हाणीघर, लिफ्ट आणि पाऊस न गळणारे छप्पर मिळते, हे चांगलेच आहे. चाळ वाचवा म्हणणाऱ्यांनी आधी चाळीत एक पावसाळा काढावा. प्रश्न इमारतीचा नाही, अंगणाचा आहे. एक हजार चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडाला खेळाची मोकळी जागा राखण्याचे बंधन लागत नाही, आणि गिरगावातले भूखंड बहुधा लहानच. म्हणून टॉवर उभा राहतो, अंगणाच्या जागी वाहनतळ येतो आणि खेळायची जागा मिळाली तर ती पोडियमवर. 2013 मध्ये दादरच्या कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते की, कायद्याने राखायची मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवर आणि आकाशाला खुली हवी. त्यानंतर नियमांना वाटा फुटल्या.

टॉवरच्या माहितीपत्रकात ‘फिटनेस सेंटर’ असते. त्याला चटईक्षेत्रात सूट मिळते म्हणून ते असते. तिथे यंत्रे असतात, वस्ताद नसतो. बारा वर्षांखालच्या मुलांना आत प्रवेश नाही, अशी पाटी मी एका नव्या इमारतीत वाचली. म्हणजे ज्या वयात शरीर घडते नेमक्या त्या वयाला दार बंद.

वस्तादांची मागणी मोठी नाही. नव्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली, छताची उंची बारा फूट, म्हणजे खांब उभा राहील आणि वर पोराला हात सोडायला जागा उरेल. “बिल्डर म्हणतो, नऊ फुटांत भागवा. नऊ फुटांत पोराचं डोकं छताला लागेल.” दोन-चार वाड्या एकत्र येऊन समूह पुनर्विकासात गेल्या तर भूखंड मोठा होतो आणि जमिनीवरचे मैदान मागण्याचा हक्क मिळतो. हे अवघड आहे. चार वाड्यांतल्या भाडेकरूंना एका मताचे करणे गणपतीची वर्गणी गोळा करण्याइतके सोपे नाही. पण या भागाने सार्वजनिक गणपती उभा केला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भरवल्या. मुलांना धावायला जागा हवी म्हणून चार वाड्या एकत्र बसू शकतात.

गिरगावात किंवा दादर-परळ-लालबागला ज्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा येत्या वर्षात भरणार आहे, त्या वाचकांना माझी विनंती आहे. कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड विचारून झाला की विकासकाला आणखी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे करारात लिहून घ्या. जमिनीवरची मोकळी जागा किती आणि ती कोणाची? व्यायामशाळेच्या छताची उंची किती? आणि तिथे आठ वर्षांच्या मुलीला प्रवेश आहे का? सभेच्या इतिवृत्तात हे तीन प्रश्न आले, तर करारातही येतील.